गाडी स्लो धरत नाही

गॅरेजमध्ये बोलल्या जाणाऱ्या मराठीत ‘स्लो’ हे नाम आहे. ‘स्लो धरत नाही’, ‘स्लो जरा वाढवून दे’, ‘सिग्नलला स्लोवर बंद पडते’ ही वाक्ये पनवेलपासून परळपर्यंत कुठल्याही मेकॅनिकच्या तोंडी ऐकू येत. गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि तरीही इंजिन आपल्या आपण हलकेच फिरते आहे, त्या अवस्थेचे हे नाव. इंग्रजी पुस्तके तिला आयडलिंग म्हणतात आणि त्या शब्दात आळसाचा भास आहे. प्रत्यक्षात पेट्रोल इंजिनाला सर्वांत अवघड जाणारे काम हेच असते. शंभरच्या वेगाने पळणारे इंजिन अनेक दोष पोटात घालते, उभ्या गाडीतले इंजिन एकही घालत नाही.

‘ऐकू येत’ असा भूतकाळ मी मुद्दाम वापरला. आपल्याकडच्या मोटारींतून कार्बोरेटर २००० सालाच्या आसपास निघू लागला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष आल्यावर बहुतेक दुचाकींनीही त्याला निरोप दिला. आता स्लो किती ठेवायचा हे गाडीतला संगणक ठरवतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीच्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाल्या. त्या टॅक्सींवर हात बसलेली माणसे आता साठीच्या पुढे आहेत, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत गॅरेजमध्ये शिरलेल्या पोराने मोटारीचा कार्बोरेटर उघडलेला नसण्याचीच शक्यता जास्त. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उघडायला समोर गाडी तर यायला हवी.

मी इंजिनिअर नाही. उमेदीची वर्षे न्हावा शेवा बंदरावर कस्टम क्लिअरिंगची कागदपत्रे तयार करण्यात गेली. जुन्या यंत्रांचा नाद मात्र आधीपासूनचा आहे, आणि करंजाड्याला राहायला आल्यावर त्या नादाला एक विषय मिळाला. गाढी नदीच्या अलीकडे सिडकोने आखलेल्या या वसाहतीत इमारती उठण्याचा वेग असा आहे की दहा वर्षांपूर्वीची वस्तूही इथे पुराणी वाटते. अशा ठिकाणी एका स्नेह्याच्या घराखाली, ताडपत्रीखाली, एमजी कंपनीची ‘एमजीए’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी आहे. १९५५ ते १९६२ या काळात ही मोटार इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनत होती. स्नेह्याची गाडी सुरुवातीच्या काळातली, १,४८९ सीसी इंजिनाची. सुरू व्हायची, पळायची, आणि करंजाड्यातून बाहेर पडून पहिल्या वळणावर थांबली की बंद पडायची. दोन गॅरेजांनी मिळून तिचे कार्बोरेटर चार वेळा धुतले होते. तिसऱ्या एकाने ते काढून टाकून एखाद्या व्हॅनचा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला दिला. या दुखण्याची उकल करताना जे कळत गेले ते इथे मांडतो आहे, कारण ते एका गाडीपुरते नाही.

आधी थोडी वंशावळ, कारण तिचा पुढे उपयोग आहे.

एमजीएवर ‘एसयू’ जातीचे दोन कार्बोरेटर असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. लंडनच्या ज्या स्किनर घराण्याचा पादत्राणांचा व्यवसाय होता, त्यातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र कल्पिले. पहिल्या नमुन्यांत हवेच्या ओढीने वर-खाली होणारा भाग चामड्याच्या भात्याचा होता. चपला-बुटांच्या घरातला माणूस चामड्याकडेच वळणार! पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९२६ मध्ये ती विल्यम मॉरिस यांनी विकत घेतली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, याच मॉरिस यांच्या व्यवसायाची शाखा. आणि आपली ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा भारतीय अवतार. वर्षानुवर्षे ॲम्बेसेडरमध्ये जे १,४८९ सीसीचे ‘बी सिरीज’ इंजिन होते, तेच घराणे एमजीएच्या बॉनेटखाली आहे. मंत्रालयासमोर उभी राहणारी पांढरी सरकारी गाडी आणि ही लाल उघडी स्पोर्ट्स कार या सख्ख्या चुलत बहिणी ठरतात. या नात्याचा व्यावहारिक अर्थ असा, की ॲम्बेसेडर जाणणाऱ्या जुन्या मेकॅनिकला एमजीएचे इंजिन परके नसते. त्याला बुजवतात ते दोन कार्बोरेटर.

आता स्लो अवघड का, ते पाहू. कार्बोरेटरच्या तोंडाशी थ्रॉटल नावाची चकती असते, पाय दाबला की ती उघडते. स्लोवर ती जवळजवळ बंद असते. त्यामुळे तिच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, हवा विरळ होते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाऱ्याच्या साधारण ३० इंचांइतका असतो. निरोगी इंजिन स्लोवर त्यातले १७ ते २१ इंच ओढून घेते, म्हणजे आत उरतो तो वातावरणाच्या जेमतेम ४० टक्के दाब. इतक्या विरळ हवेत आधीच्या स्फोटाचा जळका वायू मिसळलेला असतो, कारण तो पूर्ण बाहेर पडलेला नसतो. अशा मिश्रणाला आग लावणे म्हणजे ओल्या लाकडांची चूल पेटवण्यासारखे. ठिणगी जरा क्षीण असली, व्हॉल्व्ह जरा गळका असला, पेट्रोल जरा कमी पडले, की एक स्फोट हुकतो. वेगात असताना एक हुकलेला स्फोट जडचाकाच्या जोरात विरून जातो. स्लोवर तोच हादरा गाडीभर जाणवतो.

हवेची गळती स्लोला एवढी का भोवते, हे मला आकड्यांत पाहावेसे वाटले. दीड लिटरचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर ४०० वेळा दीड लिटर, म्हणजे सुमारे ६०० लिटर जागा भरते. ती विरळ हवेने भरते, म्हणून बाहेरच्या हवेच्या मापाने ते दोनशे ते अडीचशे लिटर झाले. आता थ्रॉटलच्या पलीकडे कुठेतरी ३ मिलिमीटर व्यासाचे, तुरीच्या दाण्याहूनही बारीक, भोक आहे असे धरा. आत-बाहेरच्या दाबातला फरक एवढा मोठा असतो की त्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते, आणि मिनिटाला साठ लिटरच्या आसपास घुसते. म्हणजे इंजिन ओढते त्या हवेचा चौथा हिस्सा कार्बोरेटरला वळसा घालून आला, आणि त्या हिश्शाला पेट्रोल मिळालेच नाही. हीच गाडी ३,००० फेऱ्यांवर अर्ध्या पायाने पळवली तर ती मिनिटाला दीड हजार लिटर हवा ओढेल, आणि तेच भोक शंभरात चार भागांपुरते उरेल. पळताना गाडी ठणठणीत, थांबली की मरते, याचे कोडे इथे सुटते.

याच हिशेबातून सगळ्यांत महाग पडणारी फसगतही कळते. मिश्रण पातळ झाल्यामुळे स्लो डळमळतो. मालक किंवा मेकॅनिक काय करतो? मिश्रणाचा नट फिरवून पेट्रोल वाढवतो. स्लो सुधारतो आणि सगळे खूश होतात. पण एसयूमध्ये स्लोसाठी वेगळी वाट नसते. पद्मिनीच्या सोलेक्समध्ये स्लो जेट वेगळा आणि मुख्य जेट वेगळा. एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात वर-खाली होणारी एकच निमुळती सुई. स्लोसाठी वाढवलेले पेट्रोल गाडी पळतानाही वाढलेलेच राहते. प्लग काजळतात, ॲव्हरेज पडते, आणि महिन्याभराने काळ्या प्लगांमुळे स्लो पुन्हा बिघडतो. मग कार्बोरेटर पाचव्यांदा धुतला जातो. दुसरी फसगत म्हणजे थ्रॉटलचा स्क्रू आवळून फेऱ्याच वाढवणे. तसे केले की किल्ली काढल्यावरही इंजिन धडधडत राहते आणि शेजारी गॅलरीत येतात.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की स्लोच्या तक्रारीत कार्बोरेटरला हात शेवटी लावावा. पहिला मान करंटचा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट या इंजिनाला ०.३६ ते ०.४० मिलिमीटर लागते. फट बरोबर असूनही डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजून डुलत असेल तर ती प्रत्येक फेरीला बदलते, आणि ठिणगीची वेळही. दांड्याला बोटांनी आडवे हलवून पाहिले की हे दहा सेकंदांत कळते, तरी ते फार थोडे लोक करतात. मग टॅपेट, मग चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन. एखादा व्हॉल्व्ह बसत नसेल तर जगातला कुठलाही कार्बोरेटर त्या इंजिनाचा स्लो धरवू शकणार नाही.

त्यानंतर व्हॅक्युम गेज. फार महाग नसलेले हे घड्याळ मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत बोलके साधन वाटते. एका नळीने ते इनटेकला जोडायचे आणि काटा पाहायचा. काटा ठरावीक तालात मागे उडत असेल तर व्हॉल्व्हचा संशय. काटा स्थिर पण खाली असेल तर ठिणगीची वेळ मागे पडलेली किंवा हवेची गळती. आमच्या एमजीएत काटा १४ इंचांवर मुक्काम ठोकून होता, जराही हलत नव्हता. वेळ तपासली, ती बरोबर होती. म्हणजे गळती. ती शोधण्याची रीत जुनीच आहे. इंजिन चालू ठेवून संशयाच्या एकेका जागी कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारायचा. जिथे आवाज बदलेल तिथे भोक. इंजिन तापलेले असेल तर हे करू नये, आग लागू शकते. शेजारी अग्निशामक असल्याशिवाय मी हे कुणाला करू देत नाही. मॅनिफोल्डच्या गास्केटवर काही झाले नाही. मागच्या कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा जिथे बाहेर येतो तिथे फवारा गेला आणि इंजिनाचा सूर एकदम चढला.

सत्तरीकडे झुकलेल्या कार्बोरेटरमध्ये हा आजार अगदी अपेक्षित. थ्रॉटलचा दांडा लाखो वेळा फिरून स्वतःही झिजतो आणि भोकही लांबट करतो. धुण्याने ही झीज जात नाही. उलट, कडेला साचून गळती थोपवणारा मळच धुऊन निघतो आणि गाडी गॅरेजमधून जास्त बिघडून येते. पनवेलच्या एका लेथवाल्याने दोन्ही कार्बोरेटरांची भोके मोठी करून पितळी बुश बसवून दिले आणि नवे दांडे वळले. एका दुपारचे काम. काटा १४ वरून १८ वर आला.

कार्बोरेटरची खरी जुळणी करायची वेळ इथे येते, आणि मला तिच्यातच खरी गंमत वाटते. एसयूमधला दट्ट्या इंजिनाच्या ओढीप्रमाणे आपोआप वर-खाली होतो आणि त्याला लटकलेली सुई जेटमधून सरकते. सुई वर गेली की तिचा बारीक भाग जेटमध्ये येतो, वाट मोठी होते, पेट्रोल वाढते. दट्ट्या निर्वेध पडतो का, हे आधी पाहायचे. वरचा डँपर काढून तो बोटाने उचलायचा आणि सोडायचा. खाली टेकताना ‘टक्’ असा स्वच्छ धातूचा आवाज आला पाहिजे. न आल्यास सुई जेटला घासते आहे, जेट मध्यावर आणावा लागेल. डँपरमध्ये घालायच्या तेलावर तासभर वाद घालणारे लोक मला भेटले आहेत. ते तेल ॲक्सिलरेटर दाबताना दट्ट्याला आवर घालते, स्थिर स्लोशी त्याचा काही संबंध नाही.

दोन कार्बोरेटर म्हणजे दोन बैलांची जोडी. एक ओढतो आणि दुसरा चालल्यासारखे करतो, असे होता कामा नये. दोघांना जोडणारी दांडी ढिली करायची, हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, आणि दोन्हीकडचा फुत्कार सारखा होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. यासाठी काचेच्या नळीत गोळी तरंगणारी उपकरणे मिळतात. मी ती वापरून पाहिली. कान त्यांच्या फार मागे नाही.

मग मिश्रण. जेटखालचा षट्कोनी नट वर नेऊन जेट पुलाच्या पातळीला आणायचा आणि तिथून दोन पूर्ण फेरे, म्हणजे नटाच्या बारा बाजू, खाली घ्यायचा. ही आरंभाची जागा. पुढे एकेक बाजू फिरवत जायचे. दट्ट्या अगदी किंचित, मिलिमीटरभरही नाही, उचलून इंजिन काय म्हणते ते ऐकायचे. फेऱ्या वाढल्या आणि वाढलेल्याच राहिल्या तर पेट्रोल जास्त. फेऱ्या लगेच पडल्या तर पेट्रोल कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आल्या तर नट तिथेच सोडायचा. सायलेन्सरही साक्ष देतो. पेट्रोल जास्त असेल तर आवाजातली चूक तालात येते आणि धूर काळपट असतो. पेट्रोल कमी असेल तर चूक बेताल येते, थुंकल्यासारखी, आणि धुराला रंग नसतो. हे सारे कानाने ठरते, म्हणूनच ते लिहून शिकवणे कठीण आणि शेजारी उभे करून शिकवणे सोपे. टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजमधले उस्ताद पोराला समोर उभे करून इतकेच म्हणत, ‘ऐक.’

एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते, पण तोवर पेट्रोल बदलले होते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४८ सालीच ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ झाला होता. प्रत्यक्ष मिश्रण २००३ पासून काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरू झाले, २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे इंधन बाजारात उतरले आणि २०२५ पर्यंत तेच सर्वसाधारण झाले. या इथेनॉलचा काही भाग उसाचा, आणि त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा वाटा भरभक्कम. कोल्हापूर-सोलापूरकडचा ऊस अशा रीतीने ॲबिंग्डनच्या गाडीत पोहोचला आहे. मला यात वावगे वाटत नाही. शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळते आणि इथेनॉलचा ऑक्टेनही चांगला आहे. ठोक्याच्या बाबतीत जुन्या इंजिनाला ते मानवते. पण स्लोच्या बाबतीत त्याचे परिणाम काय, हे मालकांना कुणीतरी नीट सांगायला हवे.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच आहे. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब सुमारे १३.५ वर येतो. सुई आणि जेट १९५५ च्या इंधनासाठी घासलेले. ते पूर्वीइतकेच इंधन सोडतात, पण त्या इंधनाला आता अधिक मात्रेत यायला हवे असते. म्हणजे नटाला कुणी हात न लावता मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ झाले. नव्या गाडीतला संगणक सायलेन्सरमधल्या सेन्सरवरून हे ओळखतो आणि भरपाई करतो. एसयूला ते कळणार कसे? स्लोवर आधीच मिश्रणाची ओढाताण. त्यात आठ टक्के पुष्कळ झाले.

दुसरा परिणाम उन्हाळ्यात दिसतो. बी सिरीज इंजिनात हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला आहे, म्हणजे कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेले. मधे पत्र्याचा आडोसा असतो, तो बऱ्याच गाड्यांतून केव्हाच हरवलेला आहे. इथेनॉल मिसळल्याने इंधन लवकर बाष्प होते. मे महिन्यात कळंबोली सर्कलच्या कोंडीत वीस मिनिटे अडकल्यावर फ्लोटच्या वाटीतले इंधन उकळू लागते आणि स्लो बेभान होतो. थंड झाल्यावर तक्रार गायब! अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक म्हणतो, काहीच तर झालेले नाही. हरवलेला आडोसा नव्याने करून बसवणे आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवणे हा या दुखण्याचा स्वस्त आणि खरा उपाय आहे.

तिसरा परिणाम पावसाळ्याचा, आणि कोकणच्या पट्ट्यात तो सर्वांत वाईट. इथेनॉल हवेतली ओल शोषते. जूनपासून दसऱ्यापर्यंत ताडपत्रीखाली उभ्या गाडीची टाकी आणि फ्लोटची वाटी दोन्ही बाहेरच्या हवेला उघड्या असतात. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी वेगळे बसते, आणि जेटला इंधन मिळते ते तळाचे. वाटीच्या तळाशी पांढरट भुकटी, पितळेवर हिरवा थर, जुन्या रबराच्या नळीचे काळे कण, हे तिचेच उद्योग. एमजीएच्या ‘एच’ जातीच्या एसयूत आणखी एक नाजूक जागा आहे. तिथे जेटभोवती बुचाच्या लाकडाचे सील असते. इंधन सुकले की ते आकसते आणि जेटला धरून ठेवते. या कार्बोरेटरचा चोक म्हणजे जेटच खाली ओढणे. सकाळी चोक ओढला, जेट खाली गेला, चोक आत ढकलला आणि जेट अर्ध्या वाटेवर अडकला, की दिवसभर पेट्रोल जास्त. त्याला वाटते स्लो बिघडला. मी आता चोक ढकलल्यावर बॉनेट उघडून जेट बोटाने वर सरकवून पाहतो. पावसाळ्यापूर्वी वाट्या रिकाम्या करून ठेवाव्यात की भरून, यावर दोन पक्ष आहेत. बुच सुकू नये म्हणून भरून ठेवा, असे जुने म्हणत. वीस टक्क्यांच्या इंधनाबरोबर मला ते धोक्याचे वाटते. रिकाम्या कराव्यात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी ताजे इंधन आणून इंजिन नीट तापेपर्यंत चालवावे, हे मला जास्त पटते. बुचाऐवजी इथेनॉल सोसणारे सील बसवले तर निम्मी काळजी मिटते.

ही सगळी यातायात टाळून व्हॅनचा कार्बोरेटर का बसवू नये, हा प्रश्न स्नेह्याने मला विचारला होता. एक उत्तर कायद्यात आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षे टिकते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ते वाहन रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यापुरतेच. आणि मुख्य अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, त्याच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. या गाड्या जपायच्या असतील तर त्यांचे मूळ कार्बोरेटरही जपावे लागतील, आणि ते जुळवणारे हातही. नियमाने गाडीची सोय केली आहे, हातांची कुणी केलेली नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना आठवडाभर एखादा जुना कार्बोरेटर उघडायला देणे फार खर्चाचे काम नाही. त्यात त्यांचा तोटाही नाही. हवा, इंधन, ठिणगी यांचे नाते संगणकाच्या पडद्यापेक्षा एसयूच्या सुईवर लवकर समजते.

आमच्या एमजीएचे म्हणाल तर नव्या इंधनासाठी दोन्ही जेट तीन-तीन बाजू खाली घेतले आणि स्लो ८०० फेऱ्यांवर बसला. पण नटाने फक्त जेटची उंची बदलते, सुईचा निमुळतेपणा नाही. मधल्या वेगात, साठ-सत्तरला, मिश्रण अजून पातळ आहे. प्लगांचा रंग तपकिरीऐवजी पांढुरका येतो. त्यासाठी सुईच बदलावी लागेल. एसयूच्या सुया शेकडो प्रकारच्या, आणि प्रत्येकीचा व्यास ठरावीक अंतरा-अंतरावर किती, याचे छापील तक्ते मिळतात. ते तक्ते शुद्ध पेट्रोलच्या काळातले आहेत. सध्या मी त्यांतले आकडे आठ टक्क्यांच्या हिशेबाने पुन्हा मांडतो आहे. दोन सुया शंभराच्या वेगापर्यंत जवळपास जुळतात असे दिसते. दिवाळीनंतर ओल गेली की त्या बसवून पाहणार आहोत.